तिकडे लाईन आली का?

हिंगणघाटचा मे महिना अंगावर काढावा लागतो. मार्च सरता सरता ऊन चटके देऊ लागतं, एप्रिलात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि मेच्या शेवटी नवतपा लागला की सकाळी दहानंतर घराबाहेर पडणारा माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून निघतो. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला. आमचं गाव साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या २२-२३ तारखेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा शाळेला सुटी असायची, म्हणून मी गल्लीतल्या पोरांना अंगणात बोलवायची आणि एक काठी उभी रोवून दाखवायची. काठीची सावली आखडत आखडत तिच्या बुडाशी यायची आणि क्षणभर नाहीशी व्हायची. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. पंचांग आणि भूगोल इतके जवळ आलेले पाहून पोरांचे डोळे मोठे व्हायचे.

या उन्हाची कारणं समजावून सांगणं सोपं आहे. समुद्र लांब, आभाळ कोरडं, वायव्येकडून येणारा वारा वाटेतच तापलेला आणि कापूस-तूर निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन. नागपूर आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. तिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवामान खात्याच्या हिशेबी सपाट प्रदेशात ४५ अंशांना उष्णतेची लाट धरतात. आमच्याकडे तो आकडा मेमध्ये पेपरात इतक्या वेळा छापून येतो की लोक तो वाचून पान उलटतात.

ऊन सोसायचं कसं, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कैरीचं पन्हं, ताक, ज्वारीची आंबील, खिशात कांदा, पहाटे उरकलेली कामं आणि दुपारी बंद दारं. त्यात कुलरची भर पडली. हवा कोरडी असते तोवर ओल्या ताट्यांमधून येणारा वारा खोली राहण्याजोगी करतो. मात्र त्याला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि लाईन. यातली एक जरी गेली तरी कुलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आणि त्या डब्यात पाणी ओतायलाही अंगात बळ असलेलं कुणीतरी घरात लागतं.

तेच कुणीतरी आता अनेक घरांत नाही. आमच्या गल्लीतून फिरलं तर एकाआड एक घरात साठी-सत्तरीचे दोघे, किंवा दोघांतलं उरलेलं एक. पोरं पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला. काही त्याहून लांब. पोरांनी जावं म्हणून आम्हीच त्यांना शिकवलं, फॉर्म भरले, स्टेशनवर पोचवायला गेलो. त्यांच्या जाण्याचं मला वाईट वाटत नाही. गावात राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना मिळून आता एक नवी गोष्ट शिकायची आहे. आपलं माणूस ज्या हवेत आहे, ती हवा आपल्या अंगाला लागत नसताना त्याची काळजी घ्यायची कशी?

माझी लेक टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. तिथला उन्हाळा ऐकून आम्ही निवांत होतो. ऊन तर आमच्या पोरीच्या सवयीचं, तिला काय त्याचं! पण २०२१ च्या फेब्रुवारीत उत्तर ध्रुवाकडची गार हवा घसरत थेट टेक्सासपर्यंत उतरली. तिथली घरं उन्हाच्या हिशेबाने बांधलेली. १५ फेब्रुवारीला, त्यांच्या मध्यरात्रीनंतर आणि आमच्या भर दुपारी, तिथल्या वीज यंत्रणेने भार पेलेना म्हणून वीज तोडायला सुरुवात केली. गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं कडाक्याच्या थंडीसाठी तयार केलेली नव्हती, ती गारठून बंद पडत गेली. टेक्सासचं वीजजाळं बहुतांशी स्वतंत्र आहे. शेजारच्या राज्यांशी ते नावापुरतं जोडलेलं, त्यामुळे बाहेरून वीज आणायची सोय फारशी नव्हती. सुमारे ४५ लाख घरं आणि दुकानं अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे डॅलसला पारा उणे १९ अंशांवर उतरला.

"आई, लाईन गेलीये," एवढंच ती पहिल्या फोनवर म्हणाली. मी म्हटलं, येईल की तासाभरात. हिंगणघाटात लाईन जाते आणि येते. पुढचा फोन आला तेव्हा तिथे सकाळ झाली होती. घरातली हवा पाच-सहा अंशांवर आली होती. दोन वर्षांच्या नातीला सगळे स्वेटर एकावर एक चढवून दोघांच्या मधे गोधडीत घेतलं होतं. नळ थेंब थेंब चालू ठेवले होते, पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून. तरी पाणी गेलंच. मग जावई बादली घेऊन अंगणात गेला आणि बर्फ भरून आणला, संडासात ओतायला. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून ती दोन मिनिटांत सगळं सांगून फोन बंद करायची.

त्या दोन मिनिटांत आई म्हणून मला काय सांगता येणार होतं? आपल्याकडे फेब्रुवारी सुखाचा. अंगणात कोवळं ऊन, शेतात कापसाची शेवटची वेचणी, हरभरा भरत आलेला. उणे १९ म्हणजे काय, ते मी नकाशावर शिकवलं होतं, माझ्या हाडांना त्याची ओळख नव्हती. थंडीवर आमच्याकडचा उपाय म्हणजे शेगडी. लेकीने सांगितलं, कोळसा घरात पेटवून आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून तिथे माणसं दगावताहेत. दारं-खिडक्या घट्ट बसणाऱ्या त्या घरांत कोळशाचा विषारी वायू बाहेर जायला फटच नसते. आमच्या कौलारू, फटींच्या घरांत पिढ्यान् पिढ्या ऊब देणारी गोष्ट तिथे जीव घेत होती. त्या वादळाने टेक्सासमध्ये २४६ माणसं गेली, असं तिथल्या आरोग्य खात्याने नंतर नोंदवलं.

इथे मी स्वयंपाक करायची, भाकरी टाकायची, आणि घास घशाखाली उतरत नसे. शेजारच्या काकू दिवसातून तीनदा कुंपणाशी यायच्या. "ताई, पोरीकडची लाईन आली का?" त्यांना डॅलस कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. लाईन जाणं म्हणजे काय, हे मात्र पुरतं ठाऊक होतं. त्या दिवसांत कुणाच्याही कोरड्या धीरापेक्षा हा प्रश्न मला जवळचा वाटला.

जायचं म्हटलं असतं तरी जाता आलं नसतं. करोनाची दुसरी लाट विदर्भात चढू लागली होती, शेजारच्या अमरावतीत तर त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. पण वाटा मोकळ्या असत्या तरी काय झालं असतं? मी निघून पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. हवामानाचा तडाखा काही तासांचा असतो आणि आपलं अंतर दिवसांचं. मायेला हे गणित कितीही जाचलं तरी ते बदलत नाही.

मग माझ्या लेकीला त्या रात्री सांभाळलं कुणी? दोन घरं सोडून राहणाऱ्या एका आजीबाईंनी. मूळच्या मेक्सिकोच्या. त्यांच्या घरात गॅसवर चालणारी शेकोटी होती. त्या काठी टेकत बर्फातून आल्या, दार वाजवलं आणि म्हणाल्या, बाळाला घेऊन चला. माझी लेक त्यांना तोवर येता-जाता हात करण्यापलीकडे ओळखत नव्हती. लाईन येईपर्यंत तिघं त्यांच्या बैठकीत शेकोटीसमोर झोपली. आजीबाईंनी गॅसवर सूप केलं, नातीला स्वतःच्या हाताने भरवलं. त्या आजींची दोन्ही मुलं कॅलिफोर्नियात होती. त्यांचेही फोन येत होते, आणि त्यांना आजी सांगत होत्या की मी एकटी नाही, माझ्याकडे पाहुणे आहेत.

हे ऐकलं तेव्हापासून माझ्या मनात एक विचार पक्का झाला आहे. लांबच्या आपल्या माणसाला संकटाच्या घडीला आपण वाचवू शकत नाही. आपल्याला वाचवता येतो तो भिंतीपलीकडचा माणूस, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी लांबचं माणूस असतो. कॅलिफोर्नियातल्या मुलांची आई माझ्या लेकीला पुरली, आणि माझी लेक त्यांच्या आईला. काळजी जिथे उपजते तिथे ती कामाला येत नाही. ती शेजारच्या दारात न्यावी लागते.

पुढच्याच उन्हाळ्यात ही गोष्ट माझ्या दारात आली. आमच्या मागच्या घरात एक काका राहतात. उभी जिंदगी कापडगिरणीत काढलेली. काकू वारल्या, मुलगा चाकणला कारखान्यात. काका उन्हाला भीत नाहीत. "मले काय होते ताई, गिरणीत काय कमी तपत होतं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हिंगणघाट कापसाचं गाव. इथला लांब धाग्याचा कापूस इंग्रजांच्या काळी नावाजलेला होता आणि एकोणिसाव्या शतकातच इथे गिरणी उभी राहिली. सूत तुटू नये म्हणून कताईखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. तिथल्या उकाड्यात आठ-आठ तास उभं राहिलेल्या माणसाला आपलं शरीर लोखंडाचं वाटलं तर नवल नाही. पण सत्तरीनंतर तहान लागण्याची जाणीवच कमी होते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी आणखी घटवतात. शरीर उन्हाने सुकत जातं आणि माणसाला ते कळत नाही.

नवतप्यातली दुपार होती. काकांचा रेडिओ रोज दुपारी चालू असतो, त्या दिवशी तो ऐकू आला नाही. मी दार लोटून आत गेले. कुलर फिरत होता, पण टाकीत थेंब नव्हता आणि तो खोलीतलीच तापलेली हवा काकांच्या अंगावर फेकत होता. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घाम अजिबात नाही. मला पाहून ते म्हणाले, "पाळी बदलली का? भोंगा झाला का?" घाम थांबणं, कातडी कोरडी आणि गरम होणं, बोलणं भरकटणं, ही उष्माघाताची खूण आहे. वेळ घालवायचा नसतो. मी नवऱ्याला हाक मारली. चादरी भिजवून काकांच्या अंगावर टाकल्या, मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवले, दारं उघडून पंखा लावला. शुद्ध धड नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ऑटो आणला आणि दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी काका घरी आले.

त्यांच्या मुलाला आम्ही फोन केला तो काका सलाईनवर स्थिर झाल्यावर. तो पाळीवर होता. फोनवर काही क्षण त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि मग तो एकाच वाक्याभोवती फिरत राहिला. "मी सकाळीच बोललो होतो हो ताई, बाबा चांगले बोलले माझ्याशी." त्याचं दुःख मला पोचलं, कारण डॅलसच्या त्या दिवसांत मी हेच भोगलं होतं. फोनवर आवाज ऐकू येतो, टाकीतलं पाणी दिसत नाही. कितीही मायेनं विचारा, "मी बरा आहे" हे म्हातारं माणूस पोराच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणतंच.

दुरून भलतंही दिसतं. २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात पावसाने कहर केला. नागपूरकडच्या वडगाव धरणाची दारं उघडली की आमची वणा फुगते. त्या जुलैत तिचं पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं, माणसांना घरं सोडावी लागली. लेकीने मोबाइलवर पाण्याखालच्या वाटा पाहिल्या आणि तिला वाटलं, आख्खं हिंगणघाट बुडालं. आमचं घर उंचावर. आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. पण काठावरच्या बाया, लेकरं, भिजलेली भांडीकुंडी गावातल्या शाळांमध्ये येऊन टेकली होती. मी तिला म्हटलं, तू माझी चिंता करतेस त्या वेळात मी तिथे पोळ्या लाटते आहे, तुझी चिंता वाया जात नाहीये. ती हसली आणि मग रडली.

आपल्या माणसांपासून लांब राहणं हे गावाला नवीन नाही. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज मोजणीदाराची कबर हिंगणघाटात आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ घातला आणि दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे मोजत आला. त्याचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ही मोजणी पुष्कळदा पावसाळ्यात करावी लागे. उन्हाळ्यात धूळ आणि तापलेल्या हवेची थरथर यांमुळे लांबची खूण दिसत नाही, पावसाने हवा धुतली की डोंगरामागचा डोंगर स्पष्ट होतो. पण तोच पाऊस जंगलात हिवताप घेऊन येई. १८१९ साली त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्याची टोळी अशाच तापाने कोसळली होती. लांबचं दिसण्यासाठी त्या माणसांनी अशी हवा अंगावर घेतली.

लॅम्बटन सत्तरीच्या घरात होता. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात त्याचा अंत झाला. हिंदुस्थानात आल्यापासून तो मायदेशी परतला नव्हता. यॉर्कशायरमधल्या घरी ही खबर महिन्यांनी पोचली असेल. त्याला मातीत ठेवायला कोण होतं? मोजणीच्या तळावरची सोबतची माणसं. देशाची अंतरं इंचाइंचानं मोजणाऱ्या माणसाची शेवटची सेवा हाताच्या अंतरावर असलेल्यांनी केली. शाळेत मी मुलांना हे सांगत असे तेव्हा मोजणीवर भर देत असे. आता शिकवायला मिळालं तर त्या तळावरच्या माणसांबद्दल जास्त बोलेन.

आणि आपण ज्यांना परके म्हणतो, त्यांचंही हेच आहे. कापसाच्या हंगामात गावातल्या जिनिंगमध्ये परप्रांतातून मजूर येतात. टिनाच्या छपराखाली काम आणि टिनाच्याच खोल्यांत मुक्काम. एका जिनिंगवरचा चौकीदार उत्तर बिहारचा. २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळातल्या कुसहाजवळ कोसीचा बांध फुटला आणि नदी आपली वाट सोडून गावांवरून वाहू लागली, तेव्हा हा इथे होता आणि बायको-पोरं तिथे. ती किती दिवस उंच बांधावर होती, काय खात होती, याला काही कळत नव्हतं. पुढे कळलं की बांधावरच्या कुठल्याशा कुटुंबाने आपल्या भातातला भात त्यांना वाटून दिला. आज हा माणूस मेमध्ये रात्रपाळी करून दुपारी टिनाखाली झोपायचा प्रयत्न करतो. त्याची बायको तिकडे पाटण्याच्या बातम्यांत विदर्भाचं तापमान बघत असेल. तिच्या वाट्याची काळजी इथे आपल्यातल्याच कुणीतरी घ्यायची आहे. एक माठ, एक जुना पंखा, सावलीतली एखादी ओसरी. यासाठी फार पैसा लागत नाही, लक्ष लागतं.

ऊन वाढतं आहे, पाऊस पडतो तेव्हा एका रात्रीत पडतो, आणि घरं आणखी पांगणार आहेत. या तिन्ही गोष्टी माझ्या-तुमच्या हातात नाहीत. सरकार उष्माघात कक्ष उघडतं, मोबाइलवर लाल इशारा येतो, त्याचा उपयोग आहेच. पण इशारा दार वाजवत नाही. दार माणसालाच वाजवावं लागतं. आमच्या गल्लीत आम्ही काही बायांनी हे काम वाटून घेतलं आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणती, कुणाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, बाहेरगावच्या पोराचा नंबर काय, हे एका वहीत लिहिलं आहे. मे लागला की सकाळी कुलरच्या टाक्या भरलेल्या आहेत ना, ते पाहायचं आणि दुपारी तीनच्या सुमारास हाक मारायची. आतून ओ आली पाहिजे. लाईन गेली तर ज्या घरी इन्व्हर्टर आहे त्या घरी सगळ्यांनी जमायचं. आता काकाही या फेरीत असतात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, अर्थात ऊन उतरल्यावर.

जी पोरं लांब आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच, की आई-बाबांना फोन करता तसा त्यांच्या शेजाऱ्यालाही करा. त्याचं नाव, त्याच्या घरची खुशाली ठाऊक असू द्या. आणि तुम्ही जिथे आहात, पुण्याच्या इमारतीत, हैदराबादच्या वसाहतीत, डॅलसच्या गल्लीत, तिथे तुमच्या मजल्यावर एखादं म्हातारं माणूस एकटं राहत असेल. त्याची पोरंही कुठेतरी फोन हातात धरून बसलेली असतील. यंदाचा नवतपा लागायच्या आत त्याचं दार एकदा वाजवून ओळख करून घ्या.